मास्तरांचा दुसरा आरसा

चित्रकारांच्या संघाचे लोक दहाला येणार होते, आणि घरातल्या जुन्या मोलकरणीने, ग्रीटने, पुढच्या खोलीची फरशी सकाळपासून तिसऱ्यांदा घासायला घेतली होती.

"मावशी, पुरे आता. फरशी झिजेल," माख्तेल म्हणाली.

"झिजू दे. ती माणसं काय आल्या आल्या चित्रं बघतात असं वाटतं तुला? आधी कोपरे बघतात. तो गोव्हर्ट तर बायकोच्या स्वयंपाकघरात फळीवरनं बोट फिरवतो. त्यांची मोलकरीण सांगते मला."

"माझं चित्र बघून झालं की बघू देत कोपरे."

"तू तेवढं तोंड उघड म्हणजे झालं," ग्रीट फडका पिळत म्हणाली. "चाळीस वर्षं बघतेय. रंगवायला बसलीस की वाघीण, आणि चार टोप्या समोर आल्या की मूग गिळून बसतेस."

आज तोंड उघडायचं माख्तेलने ठरवलंच होतं. जुलैत बाबा गेले, आणि मास्तर गेला की त्याची चित्रशाळा बंद, हा संघाचा नियम. घरातल्या दुसऱ्या कुणाचं नाव संघाच्या पुस्तकात मास्तर म्हणून लागलेलं असेल तरच ती चालू राहते. नाव नसेल तर चित्रावर सही करता येत नाही, शिष्य ठेवता येत नाही, खिडकीत एक कॅनव्हास टांगायचीही सोय नाही. माख्तेल त्रेचाळीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, आणि कोळशाने घर काढण्याच्या वयापासून तिने दुसरं काही केलेलं नव्हतं. आज तिचं चित्र बघून संघ ठरवणार होता. नाव त्या पुस्तकात लागलं तर ती चित्रकार, नाहीतर मेलेल्या मास्तरांची मुलगी.

खोलीच्या लांब भिंतीवर बाबांचे सत्तावीस चेहरे होते. टोबियास क्रूलची ही ख्याती. दरवर्षी संत लूकच्या दिवशी, म्हणजे चित्रकारांच्या सणाला, हा माणूस सगळी कामं बाजूला ठेवून आरशासमोर बसायचा आणि स्वतःचं तोंड रंगवायचा. पहिल्या चित्रात टोपीत पीस, ओठावर मिशी, 'बघा मी कोण' असा तोरा. मग जाड झालेली मान. मग बायको गेली त्या वर्षीचा काळा कोट. शेवटी नुसती पांढरी सुती टोपी आणि तिच्याखाली एक म्हातारा. यातलं एकही त्याने विकलं नाही. लाइडनहून, आम्सटरडॅमहून माणसं बोटीत बसून ही भिंत बघायला यायची, आणि सगळी एकच म्हणायची, की क्रूल खरा चित्रकार झाला तो म्हातारपणी. पहिले अठरा चेहरे चांगले, पण शेवटच्या नवांपुढे माणसाला टोपी काढावीशी वाटते.

ते शेवटचे नऊ माख्तेलने काढले होते.

ते असं झालं. आठ वर्षांपूर्वी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या वर्षी संत लूकच्या दिवशी ते सकाळपासून आरशासमोर बसले आणि दुपारी त्यांनी ब्रश भिंतीवर भिरकावला. "तूच काढ," ते म्हणाले. "मला पाण्याखालचं दिसावं तसं दिसतंय." माख्तेलने आरसा उचलून बाजूला ठेवला आणि आरशाच्या जागी आपलं स्टूल मांडलं. समोर बाबा. तिने जे दिसलं ते काढलं. पाणावलेले डोळे, लोंबलेली कातडी, आणि आंधळं व्हायची ती भीती, जी बाबा दिवसभर शिव्यांखाली झाकून ठेवायचे. सही मात्र बाबांनी केली. मनगट तिने धरलं होतं, आणि डोळ्यांचं घराबाहेर कुणाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं.

यात नियम मोडला असं कुणी म्हटलं नसतं. चित्रशाळेतून जे बाहेर पडतं ते मास्तरांच्या नावाने पडतं, मग त्यातले ढग शिष्याने काढलेले असोत की कुत्रा मुलीने. सगळ्या गावात हेच चालायचं. पण स्वतःचा चेहरा? तो दुसऱ्याकडून काढून घ्यायचा आणि खाली सही ठोकायची, हे मात्र कुठल्याच गावात चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चित्र वाळायला टांगताना माख्तेलला चूक दिसली. बाबांच्या डाव्या गालावर एक लांब व्रण होता. तरुणपणी गोठलेल्या कालव्यावर ते आपटले तेव्हा मागून येणाऱ्याच्या स्केटचं पातं गालावरून गेलं होतं. आरशात बघून काढलेल्या अठराही चित्रांत तो व्रण बघणाऱ्याच्या डाव्या हाताला होता, कारण आरसा माणसाला तसंच दाखवतो. माख्तेलने आरशात बघितलंच नव्हतं. तिने बाबांकडे बघितलं होतं. तिच्या चित्रात व्रण उजव्या हाताला होता.

बाबांना ते दिसणं शक्य नव्हतं. तिने सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ती चूक सुधारू शकली असती. तिने नाही सुधारली, आणि खरं सांगायचं तर मुद्दामच नाही सुधारली. सही करता येत नव्हती ना, मग हीच तिची सही. एकामागून एक नऊ चेहरे, व्रण उजव्या हाताला. येणारे-जाणारे शहाणे भिंतीसमोर उभं राहून नाकाने कांदे सोलत होते, पण एकालाही ते दिसलं नाही.

आणि बाबांनी शब्द दिला होता. चार वर्षांपूर्वी संघाच्या मेजवानीला जाताना त्यांनी स्वतःहून काळा झगा मागितला. "आज सांगून टाकतो सगळ्यांना," ते म्हणाले. "तुझं नाव पुस्तकात घालायला लावतो. मी गेल्यावर तुला कुणाच्या दारात जायला नको." माख्तेलने त्यांना हाताला धरून संघाच्या दारापर्यंत नेलं. मेजवानीला बायकांना जागा नव्हती, म्हणून ती समोरच्या कालव्याकाठच्या बाकावर तीन तास बसून राहिली. ऑक्टोबरचा वारा होता, आणि पायाखालची शेगडी तिने आणली नव्हती. आतून हसण्याचे लोट येत होते. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या दाढीला हंसाच्या चरबीचा वास होता.

"झालं," ते म्हणाले. "सांगायचं ते सांगितलं."

"आणि नाव?"

"संघाचं काम आहे पोरी. वेळ लागतो."

त्या रात्री तिने त्यांना आवडतं म्हणून ताकातली लापशी केली होती, गूळपाकासारखा तो काळा पाक घालून. नाव लागलं नाही. पण बाबांनी सांगितलंय, हे तिने चार वर्षं उशाशी ठेवलं होतं.

दहाचे टोले पडले आणि ते तिघे आले. पुढे गोव्हर्ट ताइनमन, संघाचे प्रमुख, आयुष्यभर चीज, शेवंडं आणि अर्धी सोललेली लिंबं काढून स्वतःही तसेच चकचकीत आणि गोल झालेले. मागे सिब्रांत कोल, जहाजं काढणारे, कानाने अधू, काखेत संघाचं जाड पुस्तक. आणि सगळ्यांच्या मागे, लेसची कॉलर सावरत, एव्हर्ट क्वास्त.

एव्हर्ट याच घरात वाढलेला. सहा वर्षं बाबांचा शिष्य होता, माख्तेलबरोबर एकाच फळीवर रंग घोटायचा. दहा वर्षांपूर्वी त्याने वेगळं घर मांडलं, पण दरवर्षी नवा चेहरा टांगला की हा हजर. खुर्ची ओढून तासन्‌तास भिंतीसमोर बसायचा. आता गावातला प्रत्येक धान्यवाला आणि दारू गाळणारा त्याच्याकडूनच तसबीर करून घ्यायचा, आणि सगळे म्हणायचे, म्हाताऱ्या क्रूलचा उतारवयातला हात कुणी उचलला असेल तर तो एव्हर्टनेच.

"या गोव्हर्टकाका," माख्तेल म्हणाली.

गोव्हर्टनी आधी कोपरे बघितले. ग्रीटने दारातून माख्तेलकडे बघून भुवई उडवली. मग ते भिंतीकडे वळले, एकेका चेहऱ्यापुढून सरकत शेवटच्यापाशी थांबले आणि त्यांनी खरंच टोपी काढली.

"हाच," ते म्हणाले. "हा संघाच्या सभागृहात लावायचा. काय सिब्रांत?"

"काय?"

"म्हटलं, हाच!"

"मग दुसरा कुठला?" सिब्रांत म्हणाले. "हा बघितल्यापासून मला आरशात बघायचं भय वाटतं."

गोव्हर्टचे डोळे पाण्याने भरले होते. हा माणूस ढोंगी नव्हता, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. "पोरी, तुला कल्पना आहे का हे काय आहे? मरण दारात उभं आहे आणि हा स्वतःला एका रेषेचीही सवलत देत नाही. हे दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. घरच्या माणसाला तर नाहीच. घरचं माणूस माया करतं, कुठेतरी हात आखडतं. इतकं कठोर माणूस फक्त स्वतःशी होऊ शकतो."

माख्तेलला हसू आलं, आणि त्या हसण्याला कडू चव होती. "माझं चित्र बघता ना?" तिने विचारलं.

तिने खिडकीपाशी चित्राच्या घोडीवर मांडलं होतं ते ग्रीटचं चित्र होतं. मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं भांडं, सोलता सोलता थांबलेले हात, आणि कुणीतरी दार वाजवलंय म्हणून त्रासून वर बघणारी ग्रीट. तिने त्यावर आठ महिने काम केलं होतं. तिघेही बराच वेळ बघत राहिले. एव्हर्ट वाकला, नाक कॅनव्हासला लागेल इतका, आणि त्याने एक पाऊल मागे घेतलं.

"छान आहे," गोव्हर्ट म्हणाले, आणि त्या 'छान'वरूनच माख्तेलला कळलं. "फारच छान. पण बघ हं, राग मानू नकोस. यात सगळा तुझा बापच आहे. ही कातडी बघ, हा डोळ्यांतला ओला भाग बघ. हे सगळं त्याचं आहे. तू ते फार छान उचललंस. पण संघाला मास्तर हवा असतो पोरी. नक्कल करणारा कितीही चांगला असला तरी..."

"नक्कल?"

"अनुकरण म्हण."

"गोव्हर्टकाका, बाबांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काही नव्हतं. माख्तेलने एव्हर्टकडे बघितलं. तो आपल्या कॉलरचा एक टाका न्याहाळत होता.

मग तिने तोंड उघडलं. शेवटचे नऊ चेहरे माझे आहेत, ती म्हणाली. डोळे गेल्यापासून बाबांनी ब्रश धरला तो फक्त सहीसाठी, आणि तेव्हाही मनगट माझ्या हातात होतं. ती एवढं सरळ बोलली की तिचं तिलाच नवल वाटलं.

"काय म्हणते?" सिब्रांतनी विचारलं.

"म्हणते, हे हिने काढलेत!"

"कुठले?"

"चांगले तेवढे सगळे," एव्हर्ट हळूच म्हणाला, आणि गोव्हर्टना नको असतानाही हसू फुटलं.

माख्तेलने खिळ्यावरचा आरसा काढला आणि तो गोव्हर्टसमोर धरला. "तुमच्या उजव्या भुवईवर चामखीळ आहे. आरशात ती कुठल्या हाताला दिसते?"

"उजव्या. बायको तिला रोज नावं ठेवते."

"आणि मी समोर उभी आहे, मला ती माझ्या डाव्या हाताला दिसते. बाबांचा व्रण डाव्या गालावर होता. आरशात बघून काढला तर चित्रात तो बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येणार. बघा ही अठरा. आता शेवटची नऊ बघा. व्रण उजवीकडे. ज्याने हे काढलं तो आरशात बघत नव्हता. तो बाबांकडे बघत होता. समोर बसून."

गोव्हर्ट भिंतीजवळ गेले. मिठाईच्या दुकानात मूल बोट फिरवतं तसं एकेका गालावरून बोट फिरवत ते सत्तावीस चेहरे मोजून आले. एव्हर्टच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, आणि माख्तेलला ते बघून बरं वाटलं. लपवायचं कशाला, फारच बरं वाटलं. इतकी वर्षं तिची पोळी चोरून खाणारा तिच्यासमोर घास अडकून उभा होता.

आणि मग गोव्हर्ट हसायला लागले. मोकळं, सुटल्यासारखं हसू.

"अगं वेडे!" ते म्हणाले. "केवढा घोर लावलास जिवाला! अगं, हे आम्हाला ठाऊक आहे. टोबियासनेच सांगितलंय. सिब्रांत, ते मेजवानीचं पान काढा. चार वर्षांपूर्वीचं."

"कुठलं?"

"दोन आरशांचं!"

सिब्रांतनी थुंकी लावून पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, कारण त्यांना हळू वाचता येत नसे. "संत लूकच्या मेजवानीला बंधू क्वास्त यांनी मास्तर क्रूल यांस पृच्छा केली की अलीकडच्या चित्रांत गालावरील व्रण दुसऱ्या बाजूस कसा. मास्तर क्रूल यांनी उत्तर दिले की आता ते दोन आरसे लावतात, एकात दुसऱ्याचे प्रतिबिंब पाहतात, जेणेकरून जग त्यांना जसे पाहते तसेच त्यांनी स्वतःस पाहावे. सर्व बंधूंनी उभे राहून पेले उंचावले."

"जग मला बघतं तसं मी मला बघतो," गोव्हर्ट म्हणाले. "अंगावर काटा आला होता सगळ्यांच्या. आम्ही तर त्या रात्री घरी जाऊन दोन आरसे लावून बघितले. मला नुसतं गरगरलं."

माख्तेलच्या हातात आरसा तसाच होता. म्हणजे एव्हर्टला दिसलं होतं. त्याने विचारलं होतं. सगळ्यांसमोर, भरल्या मेजवानीत, बाबांना सांगायची आयती संधी त्याने समोर ठेवली होती. आपल्या फायद्यासाठी का होईना. आणि ती बाहेर बाकावर काकडत बसली असताना बाबांनी त्या क्षणी, हंसाची तंगडी हातात धरून, दुसरा आरसा निर्माण केला. हसण्याचा जो मोठा लोट तिने ऐकला होता तो बहुतेक तोच. सांगायचं ते सांगितलं, म्हणाले होते. खोटं नव्हतं ते.

बाबांना व्रणाचं ठाऊक नाही असं ती समजत होती. एव्हर्टने विचारेपर्यंत नव्हतंही. त्यानंतरची चार वर्षं मात्र ते रोज तिच्यासमोर बसले होते, तिची युक्ती ठाऊक असून, आणि 'आज थंडी फार आहे' म्हणत होते. मेलेल्या माणसाचा इतका राग तिला यापूर्वी कधी आला नव्हता. तो जिवंत असता तर आधी त्याला सूप पाजून मग भांडली असती.

"दोन आरसे कसले?" दारातून ग्रीट कडाडली. "या घरात आरसा..."

"मावशी," माख्तेल म्हणाली, "बियर आण पाहुण्यांना."

ग्रीट हलली नाही.

गोव्हर्टचा आवाज आता बदलला होता. त्यात दटावणी नव्हती, काळजी होती, आणि तीच जास्त वाईट. "माख्तेल, दुःखात माणूस काहीही बोलतं. मी मनावर घेत नाही. पण एक स्पष्ट सांग, कारण सिब्रांतना लिहावं लागेल. तुझा बाप संघासमोर खोटं बोलला असं तुझं म्हणणं आहे? तसं असेल तर ही नऊ चित्रं मला उतरवावी लागतील. खोट्या सहीचं चित्र संघ जाळतो, तुला माहीत आहे."

माहीत होतं. लहानपणी चौकात एकदा बघितलंही होतं. रंग जळताना त्याला मांसासारखा वास येतो.

"मी आत्ता तुमच्यापैकी कुणालाही बसवून काढून दाखवते," ती म्हणाली.

"काढशील ना," एव्हर्ट म्हणाला. तो आता सावरला होता. "तुझ्याइतका मास्तरांचा हात गावात कुणाला येतो? मला येतो, तुला येतो. शंका कुणी घेतलीय?"

हे खरं होतं. तिने जे काही काढलं असतं ते बापाचंच ठरलं असतं. तिने भिंतीकडे बघितलं. ओळीच्या टोकाला शेवटचा चेहरा, मे महिन्यातला. सणापर्यंत जगणार नाही म्हणून बाबांनी लवकर काढून घेतलेला. डावा डोळा थोडा मिटलेला, खालचा ओठ काही बोलायचं टाळल्यासारखा आत ओढलेला. तो ओठ तिला चार दिवस जमत नव्हता. पाचव्या दिवशी जमला तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, आनंदाने. ते काय टाळतायत ते तेव्हा तिला कळलं नव्हतं. काढलं मात्र बरोबर होतं.

तो जळू देणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "बाबा खोटं नाही बोलले. दोन आरसे होते. मीच... मला नीट झोप नाहीये काका."

"मला वाटलंच," गोव्हर्ट म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लिहू नका सिब्रांत."

"काय?"

"लिहू नका!"

अशा रीतीने संघाने माख्तेल क्रूलला वाटाण्याच्या अक्षता लावल्या, आणि बियर पिऊन सगळे उठले. उठताना गोव्हर्टना एक सुचलं. त्यांना अशा गोष्टी उठतानाच सुचत. "तो दुसरा आरसा कुठाय गं? चित्राशेजारी सभागृहात लावू. लोकांना बघता येईल मास्तरांनी कसं केलं ते."

एव्हर्ट तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत तिला स्पष्ट दिसलं की त्याला सगळं ठाऊक आहे. मेजवानीला प्रश्न विचारला तेव्हाही ठाऊक होतं. खरं काय ते त्याला कधीच नको होतं. म्हातारा सगळ्यांसमोर काय उत्तर देतो एवढंच त्याला पाहिजे होतं, म्हणजे तो हात कायमचा मास्तरांचा ठरला असता, आणि त्यांच्यामागून एव्हर्टचा.

"माळ्यावर असेल," एव्हर्ट म्हणाला. "शोधून दे सावकाश. काही घाई नाही." दारात त्याने आवाज खाली आणला. "आणि माझ्याकडे ये कामाला. खरंच सांगतोय. या शेवटच्या चेहऱ्याच्या नकला आता सगळे मागतील, तुझ्याइतकी चांगली नक्कल दुसरं कोण करणार? सही मी करीन."

"व्रण कुठल्या बाजूला काढू?" माख्तेलने विचारलं.

तो हसला. "मास्तरांनी काढलाय त्याच बाजूला."

दार लागलं. ग्रीट ओल्या फडक्याने पाहुण्यांच्या बुटांचे ठसे पुसायला बसली आणि बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "जाळू द्यायचं होतंस. गेली असती सगळी भिंत चुलीत."

"मावशी, त्यातली नऊ माझी आहेत."

"आता कुठली तुझी?" ग्रीट म्हणाली.

शुक्रवारी माख्तेल बाजारात गेली. चर्चच्या मागच्या अंगाला मेलेल्यांच्या घरातलं सामान विकायला मांडलेलं असतं. जातं, तांब्याची भांडी, कुणाच्या तरी खुर्च्या. तिथे तिला काळ्या लाकडी चौकटीतला एक आरसा मिळाला, कोपऱ्यात पारा उडालेला.

"तोंड बघायला की भिंतीला?" विकणारीने विचारलं. "तोंड बघायला असेल तर दुसरा देते. ह्यात माणूस आजारी दिसतं."

"हाच चालेल."

घरी आणून तिने त्यावर दोन दिवस काम केलं. चौकटीच्या खालच्या कडेला, माणूस जिथे धरून आरसा वळवील नेमक्या तिथे, तिने पिवळ्या मातीचा आणि काजळीचा बोटभर थर चढवला, वाळवला, घासून अर्धा काढला. उजव्या बाजूला अंगठ्याचा ठसा उठवला. बाबांचा अंगठा रुंद होता, म्हणून स्वतःचा दोनदा शेजारी शेजारी दाबला. खोटं करायचं तर तेही नीट करावं, हे ती याच घरात शिकली होती.

संत लूकच्या दिवशी सभागृह सगळ्यांना खुलं असतं, बायकांनाही. माख्तेल दुपारी गेली. मधल्या भिंतीवर बाबांचा चेहरा होता आणि शेजारी तो आरसा. खाली पितळी पाटीवर 'मास्तर टोबियास क्रूल, स्वहस्ते' असं कोरलेलं. लोक रांगेने येत होते. आधी चित्र बघायचे, मग आरशात डोकावून आपलं तोंड बघायचे. आपण किती खरे आहोत ते तपासल्यासारखे. कुणीतरी चौकटीवरचा अंगठ्याचा ठसा शेजारणीला दाखवला.

एक कोळीण आपल्या मुलीला घेऊन उभी होती. "बघ," ती मुलीला म्हणत होती, "ह्याला म्हणतात प्रामाणिक माणूस. स्वतःबद्दल एक शब्द खोटा नाही बोललेला."

मुलीने चेहऱ्याकडे बघितलं, मान तिरकी केली. "आई, हा काहीतरी लपवतोय," ती म्हणाली.

"गप्प बस," कोळीण म्हणाली आणि तिला ओढून घेऊन गेली.

माख्तेल त्या पोरीच्या पाठीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिचं चित्र कुणीतरी पहिल्यांदा बघितलं होतं. हाक मारावी, नाव विचारावं असं फार वाटलं तिला. पण हाक मारून सांगणार काय होती, आणि कोण म्हणून?

मग रांगेतल्या मागच्या माणसाने घसा खाकरला आणि ती आरशासमोर सरकली. विकणारीने सांगितलं होतं तसंच, माणूस आजारी दिसत होतं. त्या भिंतीवर तिचं म्हणून जे काही होतं ते एवढंच, आणि तेही ती बाजूला होईपर्यंत.

"पुढे व्हा बाई," मागचा माणूस म्हणाला. "आम्हालाही बघायचंय."

ती बाजूला झाली.